हमिंग घालवायला अर्थची पिन काढू नका: घरी बांधलेल्या अँप्लिफायरचं अर्थिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका भजनी मंडळासाठी घरी स्टिरिओ अँप्लिफायर बांधला आहे. टीडीए ७२९४ आयसीचे दोन बोर्ड, २४-०-२४ व्होल्ट ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचं कॅबिनेट. नुसता चालवला की शांत, ऑडिओ मिक्सर जोडला की हमिंग, म्हणजे स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज. प्लगमधली अर्थची पिन काढली की हमिंग जातं, पण मिक्सरची केबल काढलेली असताना कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या येतात. चवथ तोंडावर आली आहे, तोवर असंच चालवलं तर चालेल का?

चालणार नाही. एक दिवससुद्धा नाही. आधी पिन परत बसवा, मग पुढचं वाचा. हमिंग हा सिग्नलच्या वायरचा प्रश्न आहे आणि तो तिथेच सुटतो. प्लगमधली अर्थची वायर माणसासाठी आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की जीवावर बेततं.

तुमच्या प्रश्नातली एक बारीक गोष्ट फार बोलकी आहे. मुंग्या येतात त्या मिक्सरची केबल काढलेली असतानाच. म्हणजे केबल लावलेली असते तेव्हा कॅबिनेट अर्थला जोडलेलंच असतं, फक्त आडवाटेने: कॅबिनेट ते सिग्नल ग्राउंड (आवाजाच्या सर्किटची शून्य व्होल्टची वायर), तिथून केबलची जाळी (बाहेरचं तारांचं आवरण), तिथून मिक्सर आणि मिक्सरच्या थ्री-पिनमधून अर्थ. पिन काढल्याने अर्थिंग सुटलं नाही, ते ऑडिओ केबलवर आलं. आता ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची फेज वायर सुटून पत्र्याला टेकली असं समजा. पिन शाबूत असती तर मोठा करंट जाड अर्थ वायरमधून गेला असता आणि फ्यूज उडाला असता. पिन नसताना तो केसाएवढ्या तारांच्या जाळीतून जाणार. जाळी टिकली तर मिक्सर आणि माइकची धातूची बॉडीही काही क्षण वर उचलली जाते. जाळी जळाली तर कॅबिनेट २३० व्होल्टवर तसंच उभं राहतं, आणि आवाजात काही फरक पडेलच असं नाही. मांडवात माणसं अनवाणी असतात, जमीन ओली असते. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरा, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर. १० मिलीअँपिअरच्या आसपास आवळलेली मूठ सोडवत नाही. ३० च्या वरचा करंट छातीतून जाऊन टिकला तर हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. घरच्या आरसीसीबीवर (करंट जमिनीकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअर छापलेलं असतं ते याचसाठी.

मुंग्यांची दोन कारणं असू शकतात. मेन्सच्या सॉकेटमध्ये लाइन फिल्टर असेल तर त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन वाय कपॅसिटर असतात. प्रत्येकी ४७०० पिकोफॅरड धरले तर अर्थ नसलेलं कॅबिनेट सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतं आणि हात लावणाऱ्यातून साधारण ०.३ मिलीअँपिअर जातो. झिणझिणतं, पण तेवढ्याने इजा होत नाही. दुसरं कारण म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खचत चाललं आहे. इथल्या पावसाळ्यात वार्निश नीट न केलेला ट्रान्सफॉर्मर दमट हवा शोषतो, तेव्हा ही शंका सोडून देऊ नका. टेस्टर दोन्ही वेळा सारखाच पेटतो, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, मागून घ्या. अँपचा प्लग बोर्डातून काढा, स्विच ऑन ठेवा, प्लगच्या फेज-न्यूट्रल पिना एकत्र जोडून त्या आणि कॅबिनेट यांच्यात मोजा. कोरड्या, धडधाकट ट्रान्सफॉर्मरचं रीडिंग काही दहा मेगओहम किंवा त्याहून जास्त येतं. २ मेगओहमच्या खाली आलं तर तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका.

अँपच्या आत हात घालण्याआधी घरातला आणि देवळातला अर्थ खरा आहे का ते पाहा. गोव्यातल्या कित्येक जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचं वायरिंग अजून आहे. सॉकेट थ्री-पिनचं बदललेलं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडलेले असतात. अशा ठिकाणी न्यूट्रल कुठेही तुटला की प्रत्येक थ्री-पिन उपकरणाच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. तपासायला सोपं आहे. मल्टिमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. मग त्याच सर्किटवर इस्त्री लावा आणि न्यूट्रल ते अर्थ पुन्हा मोजा. भार आल्यावर हा आकडा थोडा तरी वाढायला हवा. इस्त्री तापत असताना काटा शून्यावरून हलतच नसेल तर सॉकेट उघडून जोड शोधा. समोरून पाहताना फेज उजव्या भोकात आहे ना, तेही तेव्हाच बघा. उलट असेल तर अँपचा फ्यूज न्यूट्रलमध्ये बसतो आणि फ्यूज उडूनही आतली सगळी वायर जिवंत राहते.

मल्टिमीटर अर्थ आहे एवढंच सांगतो, तो दमदार आहे का हे सांगत नाही. त्यासाठी काही जण फेज आणि अर्थमध्ये ६० वॉटचा बल्ब लावून बघतात. ते करायचंच तर घरातली बाकी थ्री-पिन उपकरणं आधी काढून ठेवा, कारण अर्थ जमिनीत पोचलेला नसेल तर त्या बल्बमधून फेज सगळ्यांच्या बॉडीवर येतो. आरसीसीबी असेल तर बल्ब लागताक्षणी तो पडेल. याचा अर्थ आरसीसीबी काम करतो आणि करंटला जमिनीची वाट मिळते. वाट किती रुंद आहे हे मात्र बल्बही सांगत नाही. त्याला अर्थ टेस्टरच लागतो.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. जांभ्यात पाणी टिकत नाही. जुलैत जो अर्थ पिट (अर्थ पुरलेला खड्डा) उत्तम असतो तोच एप्रिल-मेमध्ये कोरडा पडून त्याचा रोध कितीतरी पट होतो. समजा तो ५० ओहम झाला. फेज बॉडीला टेकली तर करंट २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्याने ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पडतच नाही. अँपमधला २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज उडायला वेळ घेतो, आणि बिघाड फ्यूजच्या आधीच्या वायरवर असेल तर तो मध्ये येतच नाही. तोवर कॅबिनेटवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर घरी बांधलेलं धातूच्या डब्यातलं काहीही त्या लाइनवर लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आरसीसीबी ४.६ अँपिअरची वाट बघत नाही, ३० मिलीअँपिअरलाच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पिटमध्ये उन्हाळ्यात पाणी घाला, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या. मोजायचं ते मे महिन्यात. पावसात मोजलेला आकडा फसवा असतो.

ऑडिओसाठी वेगळा 'स्वच्छ' अर्थ म्हणून परसात दुसरा रॉड ठोकण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घरच्या अर्थशी जोडलेला नसेल तर ते टाळा. दोन रॉडमध्ये स्वतःचाच व्होल्टेज फरक असतो, म्हणजे हमिंगचं नवं कारण. आणि वळवाच्या विजा पडतात तेव्हा दोन रॉडमधला हजारो व्होल्टचा फरक तुमच्या मिक्सरमधून वाट काढतो.

आता कॅबिनेट. मेन्सची केबल तीन कोरची, किमान १ चौरस मिलिमीटरची घ्या. काँप्युटरची तयार केबल वापरणार असाल तर तिचा अर्थ कोर मोजून घ्या. स्वस्तातल्या केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेल्या हलक्या तारा असतात, काहींत तिसरा कोर नसतोच. दीड मीटर खऱ्या तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटर कोरचा रोध ०.०४ ओहमपेक्षा कमी असतो. मीटरच्या वायरींचा रोध वजा करून ०.२ च्या वर काही उरलं तर ती केबल फेकून द्या.

अर्थची वायर कॅबिनेटला जिथे जोडायची तो बोल्ट फक्त त्याच कामाचा असावा. ट्रान्सफॉर्मर धरणारा, बोर्ड धरणारा किंवा झाकणाचा स्क्रू चालत नाही, कारण पुढे कधीतरी कुणीतरी ट्रान्सफॉर्मर बदलायला तो सोडतो आणि घट्ट करायला विसरतो. मेन्सच्या सॉकेटजवळ ४ किंवा ५ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. भोकाभोवती दोन्ही बाजूंनी एक रुपयाच्या नाण्याएवढा रंग कानस नाहीतर पॉलिश पेपरने काढा, पत्रा चकाकला पाहिजे. पावडर कोटिंग फार चिवट असतं, वरवर घासून भागत नाही. मग क्रम असा: बाहेरून बोल्ट, आतल्या बाजूला दातेरी वॉशर, पहिला नट कसून आवळायचा, त्यावर रिंग लग, पुन्हा दातेरी वॉशर आणि दुसरा नट. लग दाबून, म्हणजे क्रिंप करून बसवा. फक्त सोल्डरवर भरवसा नको. मोठा फॉल्ट करंट आला तर सोल्डर वितळू शकतो, आणि नेमकी तीच वेळ जोड टिकण्याची असते. लग कथिलाचा मुलामा असलेला घ्या. पणजी, वास्को, किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात, वर्षभरात मध्ये पांढरी भुकटी जमते. सगळं आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

अर्थची हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर फेज-न्यूट्रलपेक्षा पाचेक सेंटिमीटर लांब ठेवा. कुणी केबलला अडखळून ती ओढली गेली तर फेज आधी तुटावी आणि अर्थ सगळ्यात शेवटी. केबल सरळ आत घेतली असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट आणि आत क्लँप हवाच. गाठ मारून भागवू नका. फेज आधी फ्यूजला, तिथून डबल-पोल स्विचला. तुमच्या २४० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज योग्य आहे. तो उडाला म्हणून ५ अँपिअरचा घालू नका, का उडाला ते शोधा. मेन्सच्या प्रत्येक टर्मिनलवर हीटश्रिंक, आणि मेन्सच्या वायरी केबल टायने आपापसांत बांधलेल्या, म्हणजे एखादी सुटली तरी डब्यात भटकणार नाही.

कॅबिनेटचा प्रत्येक धातूचा भाग अर्थला जोडलेला हवा. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग वीज वाहत नाही. पुढचं पॅनेल चार स्क्रूंनी जोडलेलं दिसतं, पण मीटर लावला तर उघडं सर्किट. झाकण, पुढचं पॅनेल, बाहेरचा हीटसिंक, प्रत्येकाकडे त्या बोल्टपासून वेगळी वायर न्या. लाकडी कॅबिनेट केलं तरी हीटसिंक आणि व्हॉल्यूम कंट्रोलची धातूची बुशिंग उरतातच. बाजारातला टू-पिनचा अँप चालतो मग आपला का नाही, या शंकेचं उत्तर असं की त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यात दुहेरी इन्सुलेशनचा ट्रान्सफॉर्मर आणि मेन्सपासून ठरावीक अंतरं राखलेली असतात. गावातल्या वाइंडरकडून गुंडाळून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. वाइंडरला प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये तांब्याच्या पत्र्याचं शील्ड घालायला सांगा. त्याची दोन टोकं एकमेकांना भिडता कामा नयेत, नाहीतर तो शॉर्ट झालेला वेढा होतो. शील्डची वायर त्या अर्थच्या बोल्टलाच. टोरॉइड (कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर) वापरत असाल तर मधला बोल्ट वर झाकणाला टेकू देऊ नका. बोल्ट, झाकण आणि तळ मिळून एक बंद वेढा तयार होतो, आणि चालू करताच फ्यूज जातो.

टीडीए ७२९४ च्या पाठीचा धातू आतून ऋण सप्लायला जोडलेला असतो. तुमच्या सप्लायला तो सुमारे उणे ३३ व्होल्टवर असणार, म्हणून अभ्रक आणि स्क्रूचा प्लॅस्टिक बुश विसरू नका. हीटसिंक अर्थला जोडण्याआधी आयसीची पाठ ते हीटसिंक मोजा. इथे चूक झाली तर पहिल्याच स्विच-ऑनला ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

सगळं जोडून झाल्यावर प्लगच्या अर्थ पिनपासून प्रत्येक पॅनेलपर्यंतचा रोध ०.१ ओहमच्या आत हवा. साधा मल्टिमीटर एवढ्या खाली अचूक नसतो, शिवाय एका तारेवर टिकलेला जोडही तो चांगला दाखवतो. त्याला खरा करंट देऊन बघा. प्लग बोर्डातून काढलेला असू द्या. स्कूटरच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब आणि १२ व्होल्टची बॅटरी घ्या. बॅटरीचं एक टोक बल्बमधून प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं टोक जो पॅनेल तपासायचा त्याच्यावर घासलेल्या जागी, एकेक पॅनेल करत. बल्ब लख्ख पेटला म्हणजे सुमारे ३ अँपिअर वाहत आहेत. आता मीटर मिलीव्होल्टवर ठेवून एक प्रोब अर्थ पिनवर आणि दुसरा त्याच पॅनेलच्या रंग खरवडलेल्या ठिपक्यावर टेका, पण बॅटरीचे चिमटे जिथे लावले आहेत तिथे नको, त्याच्या आत. ३०० मिलीव्होल्टच्या खाली आलं तर ०.१ ओहमच्या आत आहात. चांगल्या जोडाला शंभरच्या आसपासच येतं. मोजता मोजता केबल आणि बोल्ट हलवा. बल्ब लुकलुकला किंवा आकडा उड्या मारू लागला तर जोड कच्चा आहे.

पहिलं स्विच-ऑन १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. बंद केल्यावर आत हात घालण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या कपॅसिटरवर १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर दहा सेकंद धरा.

आता हमिंगकडे येऊ. अर्थ पक्का झाला म्हणजे हमिंग परत येणारच, तेव्हा घाबरून पुन्हा पिनकडे हात नेऊ नका. मिक्सरची केबल काढा आणि इनपुटच्या आरसीए सॉकेटमध्ये आतली पिन बाहेरच्या कड्याला शॉर्ट केलेला प्लग लावा. हमिंग राहिलं तर दोष कॅबिनेटच्या आत आहे. गेलं तर दोन उपकरणांच्या मधला आहे. तुमच्या वर्णनावरून दुसरंच दिसतं, पण आतलं वायरिंगही एकदा बघून घ्या. कानाने फरक कळतो: लूपचं, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थ आणि केबलमधून बनलेल्या वेढ्याचं, हमिंग ५० हर्ट्झचं, जाड आणि गोल असतं. रेक्टिफायरमुळे येणारं १०० हर्ट्झचं, करकरीत.

आतलं मुख्य सूत्र असं. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर आधी दोन मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या जोडाला जाते. त्या जोडापासून एक आखूड जाड वायर बाहेर काढा, तिचं टोक म्हणजे स्टार पॉइंट. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड, स्पीकरची परतीची वायर, सगळं तिथे. मधल्या वायरवर किंवा कपॅसिटरच्या जोडावर मधूनच काही टाकू नका. कपॅसिटर भरताना तिथून १०-१० अँपिअरचे ठोके जातात. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरच्या ५ सेंटिमीटर तुकड्याचा रोध अवघा ०.५७ मिलीओहम, पण १० अँपिअरला त्यावर सुमारे ६ मिलीव्होल्ट पडतात. हा तुकडा इनपुटच्या ग्राउंडच्या वाटेत आला आणि बोर्डाचं गेन ३० डीबी, म्हणजे ३२ पट असलं, तर स्पीकरवर १८० मिलीव्होल्टची करकर. शांत देवळात ती शेवटच्या ओळीपर्यंत जाते.

स्टार पॉइंट आणि कॅबिनेट यांचा संबंध एकाच जागी यावा. आरसीए सॉकेट धातूच्या कड्यासकट पत्र्याला टेकलेले असतील तर तो दुसरा, तिसरा संबंध झाला. प्लॅस्टिक वॉशरचे सॉकेट वापरा. मोबाइलची कुरकुर येत असेल तर सॉकेटच्या कड्यापासून कॅबिनेटला १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी आखूड पायांनी लावा.

आता लूप. मिक्सर एका स्विचबोर्डावर, अँप दुसऱ्या. दोन अर्थमध्ये समजा ५० मिलीव्होल्टचा फरक आहे आणि पूर्ण वेढ्याचा रोध ०.५ ओहम, त्यातला ०.१ केबलच्या जाळीचा. १०० मिलीअँपिअर वाहतो आणि जाळीवर १० मिलीव्होल्ट पडतात, जे थेट सिग्नलमध्ये मिसळतात. पहिला उपाय फुकट आहे: मिक्सर आणि अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा आणि सिग्नलची केबल मेन्सच्या केबलसोबतच न्या, म्हणजे वेढ्याचं क्षेत्र लहान होतं. बऱ्याचदा इथेच काम संपतं. एक्स्टेंशन बोर्डाची अर्थ वायर आतून खरोखर जोडलेली आहे ना, हे उघडून बघा. सगळ्या आकारांच्या पिना घेणारे स्वस्त सॉकेट अर्थ पिनला नीट पकडत नाहीत.

एवढ्याने गेलं नाही तर अँपमध्ये लूप ब्रेकर बसवा. केबीपीसी ३५१०, म्हणजे ३५ अँपिअरचा ब्रिज घ्या. त्याचे धन आणि ऋण पाय एकमेकांना जोडा. उरलेल्या दोन एसी पायांपैकी एक स्टार पॉइंटला, दुसरा अर्थच्या बोल्टला, १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरने. त्याच दोन पायांवर समांतर १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ कपॅसिटर. वेढ्यातले मिलीव्होल्ट डायोड उघडायला पुरत नाहीत, म्हणून त्यांना १० ओहमातून जावं लागतं. वरच्या उदाहरणात १०० मिलीअँपिअरचे ५ होतात, जाळीवरचे १० मिलीव्होल्ट अर्ध्या मिलीव्होल्टवर येतात, म्हणजे सुमारे २६ डीबी कमी. आणि ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी फुटून फेज सेकंडरीवर आली तर दीड व्होल्टच्या आसपास डायोड उघडतात, करंट बोल्टमार्गे अर्थला जातो आणि फ्यूज उडतो.

यात दोन चुका लोक हमखास करतात. एक, ब्रिज नको म्हणून नुसता १० ओहमचा रेझिस्टर. फॉल्टमध्ये त्यातून २३ अँपिअर जायला बघतात, ५ वॉटचा रेझिस्टर फ्यूजच्या आधी जळून तुटू शकतो, आणि आरसीएच्या कड्यांवर फेज राहतो. दुसरी चूक जीवघेणी आहे: ब्रेकर मेन्सच्या अर्थ वायरमध्ये घालणं. अर्थ वायर ते कॅबिनेट हा जोड नेहमी सरळ, मध्ये काहीही नाही. ब्रेकर असतो तो कॅबिनेट आणि सिग्नल ग्राउंड यांच्यामध्ये.

मिक्सर लांब, स्टेजवर असेल तर सरळ बॅलन्स्ड लाइन (दोन सिग्नल वायर आणि वेगळी जाळी असलेली) टाका, किंवा मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. बॅलन्स्ड सॉकेटची १ नंबरची पिन कॅबिनेटला, सॉकेटपाशीच जोडा, बोर्डाच्या ग्राउंडला नको. एईएस ४८ हे मानक हेच सांगतं.

जत्रेत किंवा मांडवात जनरेटर असेल तर आणखी एक गोष्ट. लहान जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीशी जोडलेला नसतो. अशा वेळी फेज बॉडीला टेकली तरी करंटचं वर्तुळ पूर्ण होत नाही, ना फ्यूज उडतो ना आरसीसीबी पडतो, आणि पुढे दुसरा बिघाड झाला की तो माणसातून पूर्ण होतो. जनरेटरवाल्याला न्यूट्रल अर्थला बांधला आहे का आणि रॉड ठोकला आहे का हे विचारा, ठोकलेला रॉड डोळ्यांनी बघा.

दरवर्षी चवथीआधी स्कूटरच्या बल्बची चाचणी पुन्हा करा, कारण पावसाळ्याचे तीन महिने दातेरी वॉशरखाली गंज धरायला पुरतात. मांडवात सगळं जोडून झालं, आवाज लागला, की माइक कुणाच्या हातात देण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब माइकच्या जाळीवर, दुसरा आधी अँपच्या कॅबिनेटवर, मग हार्मोनियमशेजारच्या लोखंडी खांबावर, मग ओल्या जमिनीत खोचलेल्या स्क्रू-ड्रायव्हरवर. एक-दोन व्होल्ट आले तर बसू द्या. दहा-वीसच्या पुढे गेलं तर मेन्सचा प्लग काढा आणि अर्थचा जोड सापडेपर्यंत भजन माइकशिवाय होऊ द्या.